नेम

१

हॉलमध्ये शिरताना मी आधी कान टवकारायचे.

तिथे दोन दारं होती. पहिलं घट्ट बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नसे. मधल्या चिंचोळ्या खोलीत चपला काढायच्या, पांढरे बूट चढवायचे, छातीवर बिल्ला लावायचा आणि दुसऱ्या दारावरचा हिरवा दिवा लागायची वाट बघायची. बाकीचे तेवढ्यात जांभया देत किंवा कालच्या मॅचबद्दल भांडत. मी दाराला कान लावून आतल्या मीटरचा आवाज ऐकायचे.

टिक. मग बराच वेळ काही नाही. मग टिकटिक. मग एक. मग तीन एकदम. झाकणाखाली लाह्या फुटाव्यात तसा. आत ड्रमांच्या रांगा होत्या, एकावर एक, पार छतापर्यंत. अणुभट्टीतली वापरून झालेली गाळणी, हातमोजे, इस्पितळातल्या यंत्रांचे तुकडे, सगळं सिमेंटमध्ये कालवून थिजवलेलं. त्या सिमेंटमधूनही एखादा किरण निसटून मीटरपर्यंत पोचला की टिक.

मला तो आवाज फार आवडायचा. अणूला आठवण नसते. शंभर वर्षं गप्प बसलेला अणू आणि त्याच जातीचा आज तयार झालेला अणू, पुढच्या क्षणी फुटण्याची शक्यता दोघांचीही सारखीच. अणू म्हातारा होत नाही, कंटाळत नाही, कुणाची वाट बघत नाही. कुठला कधी फुटेल याचा नेम नाही, पण सगळ्यांची मिळून सरासरी इतकी पक्की की तिच्यावर घड्याळ लावावं. शिकायला दूर गेले होते, तिथे हे पहिल्यांदा खरोखर समजलं त्या दिवशी मी भर रस्त्यात रडले होते. इतकी प्रामाणिक गोष्ट निसर्गात दुसरी नाही असं वाटलं. तिथेच ठरवलं, परत जायचं. ज्या कचऱ्याचं नाव काढलं की लोक दोन पावलं मागे सरतात, त्याची राखण आपण करायची. नीट, आणि काही न लपवता.

पण नुसतं सांगून कोण ऐकतं? म्हणून कुंपणाला लागून असलेल्या वसाहतीत मी दादाला आणि वहिनीला राहायला आणलं. हॉल बघायला आलेल्या लोकांना मी आमच्या घराची खिडकी दाखवायचे. ‘‘तो निळा पडदा दिसतोय ना? तिथे माझी वहिनी राहते. सातवा महिना चालू आहे तिला. मी काय वेडी आहे?’’

लोक हसायचे. मी पण हसायचे.

२

निघताना मी दारावर थाप मारून ‘‘येते हं’’ म्हणायचे.

ही सवय परतल्यानंतरची. लहानपणी निघताना ‘जाते’ म्हटलं की आई डोळे वटारायची. तिकडे मात्र इतकी वर्षं निघताना ‘येते’ म्हणायला कुणी मिळालं नाही, म्हणून परतल्यावर मी तो शब्द उधळायलाच लागले. दुकानदाराला येते, बसच्या ड्रायव्हरला येते. ‘‘दाढ उपटून घेतल्यावर दातांच्या डॉक्टरला कोण येते म्हणतं, ठमे?’’ दादा म्हणाला होता. मग एक दिवस हॉललाही म्हणून टाकलं. तेव्हापासून रोजच.

त्या दुपारी मी रांगांमधून फिरत होते. ड्रमांच्या कडेला गंज धरलाय का, कुठे फुगवटा आलाय का, हे डोळ्यांनी बघावंच लागतं. बॅटरी मारत, मान वाकडी करत चालले होते. अर्ध्या रांगेत आल्यावर जाणवलं की काहीतरी फार सोयीचं चाललंय.

पाऊल टाकलं की टिक. दुसरं टाकलं की टिक.

मी थांबले. मीटरही थांबला.

मी पाऊल उचलून तसंच अधांतरी धरलं. काही नाही. खाली ठेवलं. टिक.

मी स्वतःशीच मोठ्यानं हसले. नाणं उडवत बसलं की कधीतरी सलग दहा वेळा छापा येतोच. माणसाच्या डोक्याला छताच्या डागांत चेहरे दिसतात, पंख्याच्या घरघरीत कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं. हे सगळं मला पाठ होतं, दुसऱ्यांना शिकवलेलं होतं. मी चाल बदलली. भरभर गेले, मग पाय घासत गेले. दोन्ही वेळा तो माझ्याबरोबर होता. चुकत नव्हता, पण फुशारकीही मारत नव्हता. आपल्या वाटेनं चाललेल्या माणसासारखा, फक्त जरा जवळून.

बाहेर पडताना आकडा बघितला. रोजच्यासारखाच. मीटर मिनिटाला किती टिका झाल्या एवढंच मोजतो, त्या कशा मांडल्या होत्या हे तो विचारत नाही. सरासरी बरोबर होती.

‘‘येते हं,’’ मी म्हटलं. सवयीनं.

३

घरी वहिनी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि दादा कांदा चिरत रडत होता.

‘‘ये, शास्त्रज्ञबाई. तुझ्या भाषेत सांगायचं तर माझं अर्धायुष्य या कांद्यात संपलं.’’

‘‘अर्धायुष्य कधी संपत नाही दादा. अर्धं उरतं, मग त्याचं अर्धं.’’

‘‘म्हणजे लग्नासारखंच.’’

‘‘ऐकू येतंय हं मला,’’ वहिनी म्हणाली.

फ्रिजवर माझा छोटा मीटर होता. ही दोघं राहायला आली तेव्हा मीच तो चालू करून ठेवला होता. भिंतीतून, मातीतून, आभाळातून थोडं काहीतरी येतच असतं, घरातला मीटरही अधूनमधून टिकतो. वहिनीनं तो आवाज रोज ऐकावा, त्यातलं भय जावं, एवढाच हेतू. पहिल्या आठवड्यात ती त्याच्याकडे पाल बघावी तशी बघायची. आता विसरली होती.

‘‘तुझं ते डबडं हल्ली छान वाजतं,’’ वहिनी म्हणाली.

‘‘छान म्हणजे?’’

‘‘तालात. आधी कसं, मनाला येईल तसं टकटकायचं. आता संध्याकाळी एकदम शहाण्यासारखं. टिक, टिक, टिक. मला तर झोपच लागते.’’ तिनं पोटावर हात फिरवला. ‘‘ही पण शांत होते.’’ मुलगीच आहे हे वहिनीनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. ‘‘आणि मला बरोबर कळतं, तू तिकडून निघालीस.’’

‘‘कसं कळतं?’’

‘‘तू यायच्या जरा आधीच सुरू होतं ना ते. आधी ते येतं, मग तू.’’

दादा नाक ओढत म्हणाला, ‘‘कुत्र्यांना पण कळतं. आमच्या शेजारचा कुत्रा...’’

मी फ्रिजपाशी गेले. टिक. टिक. टिक. आत्ता मी तर उभी होते, पावलं टाकत नव्हते. तरी तो चालत होता. कुणीतरी आमच्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत असल्यासारखा.

४

मीटरवाल्याला बोलावून मी हॉलमधला मीटर बदलून घेतला. त्यानं नवा लावला, जुना तपासला, दोन्ही उत्तम म्हणाला.

‘‘पण ऐका ना, किती एकसारखं वाजतंय.’’

तो भिंतीला टेकून ऐकत राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. टिक. टिक. टिक.

‘‘मॅडम, सरासरी बरोबर आहे,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘अजून काय पाहिजे?’’

याला काय सांगणार? मी अर्ज करून रेकॉर्डर आत नेला. आवाज टिपला, टेबलावर बसून टिकांमधली अंतरं काढली. रेकॉर्डरमध्ये लाह्याच फुटत होत्या, पुस्तकात छापाव्यात इतक्या बिननियमाच्या. म्हणजे आवाजात काही नव्हतं, माझ्या कानात होतं. मला इतकं बरं वाटलं की मी रेकॉर्डर घेऊन पुन्हा आत गेले. कानाला लावला. एका कानात लाह्या. दुसऱ्या कानात, हॉलमध्ये, तीच चाल. आज जरा सावकाश. मी विचार करत असताना थांबून राहिल्यासारखी.

आपल्याकडे म्हणतात, अमक्याचा काही नेम नाही. तक्रारीच्या सुरात म्हणतात. मला मात्र त्या ‘नेम नाही’मध्येच सगळी सुरक्षितता दिसायची. ज्याला नेम नाही त्याच्या मनात काही नाही. आता इथे नेम होता. आणि मग त्या शब्दाचा दुसरा अर्थ आठवला, बंदुकवाल्यांचा. नेम असतो तेव्हा तो कुणीतरी धरलेला असतो. कुणावर तरी.

मी दारापाशी आले, थाप मारली. ‘‘येते हं.’’

वर काचेच्या खोलीत क्रेन चालवणारे काका बसत. सगळे त्यांना क्रेनकाका म्हणत. दारं उघडायचं बटणही त्यांच्याकडेच, त्यामुळे मधल्या खोलीचं चित्र त्यांच्या पडद्यावर दिसे. माणूस गप्पिष्ट, एकटं बसून कंटाळलेला. भिंतीवरच्या स्पीकरमधून त्यांचा आवाज आला:

‘‘कोण येते?’’

‘‘मी, काका. निघाले.’’

‘‘रोज म्हणता, येते, येते. मी आपला बघतो, कोण येतंय बुवा!’’ आणि ते खो खो हसले.

मी पण हसले. बूट काढता काढता मधेच थांबले.

येते. मी येते. ती येते. या शब्दात कोण आहे ते म्हणणाऱ्याला माहीत असतं. ऐकणाऱ्यानं काय समजावं? महिनोन्‌महिने मी या बंद दारावर थाप मारून, प्रेमानं, काय सांगत आले होते? आणि कुणाला घरचा रस्ता दाखवत होते?

वेडगळपणा, मी स्वतःला म्हटलं. सिमेंट आहे ते, त्याला मराठी येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी न बोलता बाहेर पडले, ओठ घट्ट मिटून. घरी पोचले तर वहिनी पेंगत होती आणि फ्रिजवर टिक, टिक, टिक. आता त्याला सांगायची गरज उरली नव्हती.

५

वहिनीच्या तपासणीला मीही गेले. डॉक्टरीणबाईंची खोली स्वच्छ, उन्हाची, भिंतीवर गुबगुबीत बाळांची चित्रं. वहिनीच्या पोटाला पट्टा बांधला आणि स्पीकर चालू केला.

धकधकधकधक. लहान घोडा दौडावा तसा. दादाचे डोळे भरून आले. ‘‘कांदा नाहीये आज,’’ वहिनी त्याला म्हणाली.

मग आवाज तुटला.

एक ठोका. काही नाही. बराच वेळ काही नाही. मग दोन एकदम. मग एक. मग तीन, घाईघाईनं. काही नाही.

मी खुर्चीची कड धरली. हा आवाज मी झोपेतही ओळखला असता. याच्यावर मी दोन वर्षं प्रेम केलं होतं.

‘‘पट्टा सरकला,’’ डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी तो जरा वर घेतला, दाबला. लाह्या फुटतच राहिल्या. त्यांनी यंत्राकडे बघितलं, भुवई उचलली, पट्टा सोडून पुन्हा बांधला. आणि घोडा पुन्हा दौडायला लागला, जणू काही झालंच नाही.

‘‘मधे काय झालं होतं?’’ मी विचारलं.

‘‘काही नाही हो. हलतात ही पोरं.’’ त्यांनी कागद फाडून बघितला. ‘‘सरासरी ठोके अगदी बरोबर आहेत.’’

वहिनी माझ्याकडे बघत होती. ‘‘तू का पांढरी पडलीस?’’

इकडे लय आली, तिकडे गेली. कुणीतरी थोडी थोडी उचलून नेत होतं. घेऊन बघत होतं, अंगाला बसते का.

६

‘‘तुम्ही इथून जा,’’ त्याच संध्याकाळी मी म्हटलं. ‘‘वहिनीच्या आईकडे जा. उद्याच.’’

दादानं हातातला कप खाली ठेवला. ‘‘गळती झालीय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग आकडा वाढलाय?’’

‘‘नाही. सगळे आकडे चांगले आहेत.’’

‘‘मग?’’

फ्रिजवर टिक, टिक, टिक.

‘‘ठमे, मी इथे यायला तयार नव्हतो. तू या टेबलावर बसून दोन तास भाषण दिलंस. म्हणालीस, दादा, भीती दाखवू नकोस, आकडे दाखव. माझं तोंड बंद केलंस. आता तू आकडे दाखव.’’

‘‘नाहीयेत माझ्याकडे.’’

‘‘मग काय आहे?’’

‘‘भीती आहे,’’ मी म्हटलं.

तो हसेल असं वाटलं होतं, पण चिडला. ‘‘कमाल आहे तुझी! त्या दिवशी हॉल बघायला आलेल्या त्या म्हाताऱ्यानं विचारलं, आमच्या विहिरीला काही होणार नाही ना, तर त्याला तू हसत हसत वेड्यात काढलंस. आणि आज...’’

‘‘अहो, पुरे,’’ वहिनी म्हणाली. ती उठून माझ्यापाशी आली, तिनं माझ्या कपाळाला हात लावला. ‘‘हिचा चेहरा बघा जरा. हिनं सांगितलं म्हणून आलो, हिनं सांगितलं म्हणून जाऊ. आईला भेटून पण किती दिवस झाले.’’ मग माझ्याकडे वळून: ‘‘पण तूही नीट झोप. तुला काहीतरी होतंय गं.’’

तिला वाटत होतं, ती माझ्यासाठी जातेय. मी वाटू दिलं.

७

सकाळी गाडी निघाली. वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी तडक हॉलमध्ये गेले. बूट, बिल्ला, हिरवा दिवा.

टिक. काही नाही. टिकटिक. मग बराच वेळ शांत. मग तीन एकदम.

मी चालून बघितलं. मीटरला माझी फिकीर नव्हती. थांबले, पळाले, एका पायावर नाचले. लाह्या फुटत होत्या, मनाला येईल तशा, कुणाकडे न बघता. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच हॉल नुसता हॉल होता. ड्रम नुसते ड्रम. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बरं झालं, वाचलो, असं काहीतरी पुटपुटत मी रांगेच्या टोकापर्यंत गेले आणि तिथेच थबकले.

इथे ते नव्हतं, म्हणजे निघून गेलं होतं.

मी धावतच घरी आले. फ्रिजवरचा मीटरही बिननियमाचा टकटकत होता. घरातही कुणी नव्हतं.

मी दादाला फोन लावला. वहिनीनं उचलला. ‘‘हे गाडी चालवतायत. काय गं?’’

तिच्या आवाजामागे ऐकू येत होतं. टिक. टिक. टिक.

‘‘वळणाचा दिवा चालू आहे का गाडीचा?’’

‘‘नाही, सरळच चाललोय. का?’’

‘‘मग हा आवाज कसला?’’

‘‘कसला आवाज?’’ ती म्हणाली. मग जरा थांबून, झोपाळल्यासारखी: ‘‘आज ही हलत नाहीये बघ. एकदम शांत आहे. गुणी आहे माझी.’’

मी ज्या भिंतींबद्दल शिकले होते, मापून, तपासून, शपथेवर सांगत आले होते, त्या सगळ्या इथे होत्या. जे जपून ठेवायचं, जे माणसांत मोकळं सोडायचं नाही, त्याच्यासाठी बांधलेली एवढी एकच जागा होती. आणि तिथूनच मी त्याला माझ्या माणसांबरोबर गाडीत बसवून दिलं होतं.

‘‘परत या,’’ मी म्हटलं.

दादाचा आवाज आला, फोन हिसकावल्यासारखा. ‘‘काल जा म्हणालीस, आज या म्हणतेस! आम्ही काय चेंडू आहोत?’’

‘‘दादा, हवं तर आयुष्यभर माझ्याशी बोलू नकोस. पण आत्ता गाडी वळव.’’

बहुधा मी किंचाळले असेन. गाडी वळल्याचा आवाज मला ऐकू आला.

८

हॉलच्या फाटकापाशी ऊन चटचटत होतं. गाडी थांबली. दादा स्टिअरिंग धरून समोर बघत बसला, माझ्याकडे मान वळवेना. वहिनी काच खाली करून हसली, पण तिचे डोळे कुठेतरी आतच होते.

‘‘हात लावू?’’ मी विचारलं.

‘‘विचारतेस काय, आत्या ना तू?’’

मी खिडकीतून हात आत घालून तिच्या पोटावर ठेवला. तळव्याखाली ठोका लागला. सावकाश, एकसारखा, मोठ्या माणसाच्या चालीचा. सातव्या महिन्यातल्या बाळाचा नव्हे.

मी वाकले. वहिनीला वाटलं, बाळाशी बोलायला. मी अगदी हळू, दारातल्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हटलं, ‘‘चल. माझ्याबरोबर चल.’’

तळव्याखालची चाल थांबली.

काहीच नाही. किती वेळ, कोण जाणे. मग एक लाथ बसली, तिरपी, खणखणीत. मग थांबून आणखी दोन, भलतीकडेच.

‘‘आई गं!’’ वहिनी कळवळली आणि पूर्ण जागी झाल्यासारखी हसली. ‘‘काय म्हणालीस तिला? चिडली बघ!’’

‘‘जा तुम्ही,’’ मी म्हटलं. ‘‘आता खरंच जा. दादा, थांबू नकोस कुठे.’’

मी वळले आणि हॉलकडे चालायला लागले. मागे गाडी सुरू झाली. दादा काहीतरी ओरडला, मी ऐकलं नाही. माझ्या चपला वाळूवर कचकचत होत्या आणि माझ्या दोन पावलांच्या मधे, माझी नव्हे अशी, आणखी एक कचकच होती.

पहिलं दार मागे लागलं. मी चपला काढल्या, बूट चढवले. बिल्ला लावला. दुसऱ्या दारासमोर उभी राहिले. डाव्या खांद्यामागे गारवा होता, बराच वेळ सावलीत राहिलेल्या सिमेंटचा. त्याला वासही तसाच होता.

स्पीकर खरखरला.

‘‘बाई,’’ क्रेनकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात आज हसू नव्हतं, नुसती कामाची विचारपूस होती. ‘‘तुमच्या मागे उभ्या आहेत, त्यांचा बिल्ला कुठाय?’’

मी मागे बघितलं नाही.

‘‘माझ्याच घरच्या आहेत, काका,’’ मी म्हटलं. ‘‘दार उघडा.’’